वाया जाणारा पैसा घरात नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. घरखर्च कमी करायचा म्हटलं की बाहेरचं खाणं बंद करा, फिरणं आवरा, हेच सगळीकडे ऐकायला मिळतं. ते करून झालं आहे. चार माणसांचं घर आहे, उत्पन्न ठरलेलं आहे, तरी महिन्याचे शेवटचे सात-आठ दिवस ओढाताणीचे जातात. म्हणून वीज, इंधन, पाणी आणि किराणा यांबद्दल विचारतो आहे. काय मोजायचं, कशाने किती फरक पडतो आणि कोणते उपाय नुसते ऐकायला बरे, हे आकड्यांसकट सांगाल का? सोयी कापायच्या नाहीत, वाया जातं ते थांबवायचं आहे.

प्रतिसाद १

सुरुवात विजेच्या मीटरपासून करा. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लगही पाच मिनिटं काढून ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा शेजारीच छापलेला असतो, बहुधा १६०० किंवा ३२००. ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागा, वॅट मिळतील. मीटर ३२००चा असेल आणि दिवा दर ४५ सेकंदांनी लागत असेल तर २५ वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण 'सगळं बंद' असतानाचा हा भार रात्रंदिवस चालतो आणि वर्षाला २१९ युनिटं खातो.

मग एकेक प्लग काढत पुन्हा मोजा. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स आतून बहुतेक वेळा चालूच असतो. टीव्ही, संगणकाचे स्पीकर आणि प्रिंटरही थोडी थोडी वीज घेत राहतात. हे सगळं एका स्विचच्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतलं की रात्री एकच बटण दाबायचं काम उरतं. मोबाईलचा नुसता लटकलेला चार्जर मात्र नगण्य वीज घेतो, त्यामागे लागू नका. मेन स्विच बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर एकतर मीटर सदोष आहे किंवा मीटर आणि मेन स्विचच्या मधे कुणाची तरी जोडणी आहे. तिथे स्वतः हात घालू नका, वीज कंपनीकडे तक्रार करा.

पण खरा मोठा खर्च उष्णतेचा असतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.०२३ युनिट लागतं. १८ लिटरच्या बादलीला ०.४२ युनिट. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल आणि आंघोळ ८ मिनिटं चालली तर ६४ लिटर, म्हणजे जवळजवळ दीड युनिट. शॉवर सोडायचा नसेल तर कमी प्रवाहाची जाळी बसवा. अंग भिजवण्यात फरक जाणवत नाही, बिलात जाणवतो.

गीझर दिवसभर चालू ठेवला की वीज कमी लागते, हा समज चुकीचा आहे. पाणी जितका वेळ गरम, तितका वेळ टाकीच्या भिंतींतून उष्णता बाहेर जातच राहते. १५ लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर यायला २ किलोवॅटच्या गीझरला २०-२२ मिनिटं लागतात, तेव्हा आंघोळीआधी अर्धा तास लावला तरी पुरतं. बचत म्हणून थर्मोस्टॅट ६० च्या खाली उतरवू नका, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

पंख्याचं गणितही करून पाहा. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या पंख्यावर दिवसाला अर्धा युनिट वाचतं. वर्षाला वाचणारी युनिटं गुणिले दर, या गुणाकाराने दोन्हींच्या किमतींतल्या फरकाला भागा, इतक्या वर्षांत पैसे वसूल. दिवसाला दोन तास लागणारा पंखा बदलू नका, पैसे अडकून पडतील.

प्रतिसाद २

इंधनाबद्दल. इथली उधळपट्टी डोळ्यांदेखत होते आणि तरी दिसत नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ पावणेसातपट तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. पाणी खळखळून उकळलं काय नि हळू उकळलं काय, तापमान १०० अंशच राहतं (समुद्रसपाटीला), पदार्थ लवकर शिजत नाही. मोठी आच फक्त वाफ उडवते. म्हणून उकळी फुटली की आच अगदी बारीक करा, कडेने एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील इतकीच, आणि झाकण ठेवा. उतू जाण्याची भीती असेल तर झाकण किंचित सरकवून ठेवा, काढून टाकू नका.

कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ उकळतं आणि म्हणून वेळ वाचतो. पण शिट्टी म्हणजे शिजण्याचं माप नव्हे. दाब भरल्यावर जास्तीची वाफ बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. पहिली शिट्टी होताच आच बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. आच बारीक करूनही शिट्ट्या होत राहिल्या तर छोट्या बर्नरवर घ्या. कडेने वाफ फुसफुसत असेल तर झाकणाची रबरी रिंग ताठर झाली आहे, ती बदला. सुकं कडधान्य रात्रभर भिजवलं तर शिजायचा वेळ साधारण निम्म्यावर येतो.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती हवा तापवते. ज्योत निळीऐवजी पिवळी आणि बूड काळं होत असेल तर गॅस नीट जळत नाही. बर्नरचा वरचा भाग काढून त्याची भोकं सुईने मोकळी करा, धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. ओला बसवला तर ज्योत पुन्हा वेडीवाकडी येते. तरीही पिवळीच राहिली तर हवा-गॅसचं मिश्रण बिघडलं आहे, मेकॅनिकला दाखवा.

प्रतिसाद ३

पाणी. टपकणाऱ्या नळाखाली मापाचं भांडं १० मिनिटं ठेवा आणि आलेल्या पाण्याला १४४ ने गुणा, दिवसाची गळती मिळेल. १५० मिली आलं तर दिवसाला २१.६ लिटर.

जुन्या पद्धतीच्या, फिरवून घट्ट करायच्या नळात दोष बहुधा वायसरचा असतो. मागचा कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, स्क्रू आत गेला तर शोधत बसाल. पान्याने वरचा भाग सोडवून दांडा बाहेर काढा. टोकाच्या वायसरवर गोल खाच पडलेली दिसेल. नवा आणताना हाच नमुन्याला न्या. बसवण्याआधी आतल्या बैठकीवर बोट फिरवा. ती खरबरीत लागली तर नवा वायसरही काही आठवड्यांत कापला जाईल. आणि टपकतंय म्हणून नळ ताकदीने आवळणं थांबवा, त्यानेच वायसर चिरडतो. पाव फेरीत उघडणाऱ्या नळात वायसर नसतोच, सिरॅमिकच्या चकत्यांची काडतुसं (कार्ट्रिज, म्हणजे नळात बसवायचे आयते भाग) असतात. त्यांना वाळूचा कण ओरखडतो, मग सगळं काडतूसच बदलावं लागतं.

फ्लशच्या टाकीतली गळती तर आवाजही करत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका, २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर बदला.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आज रात्रीच मीटर बघतो. किराण्याबद्दल एक शंका: मोठा पॅक नेहमीच फायद्याचा असतो का?

प्रतिसाद ४

नाही. दर नेहमी १०० ग्रॅमला किंवा १०० मिलीला काढून बघा. कधी कधी मधला पॅकच सर्वांत स्वस्त निघतो, आणि वेष्टन तेच ठेवून आतलं वजन कमी केलेलं असतं. शिवाय मोठा पॅक १५ टक्के स्वस्त पडला, पण त्यातलं २० टक्के खराब झालं, तर वापरलेला माल सहा टक्क्यांहून जास्त महाग पडतो (०.८५ भागिले ०.८). महिन्याला किती लागतं याची नोंद दोन महिने ठेवा, मगच ठरवा. साबण, कागद, धुण्याची पावडर मोठ्या पॅकमध्ये घ्यायला हरकत नाही. तेल, पीठ, मसाले उघडल्यावर संपतील तेवढेच आणा. घरी आलेल्या पॅकवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा.

पण महिनाअखेरीची ओढाताण बऱ्याचदा किराण्याने होतच नाही. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती हे वर्षातून एक-दोनदा येणारे खर्च ज्या महिन्यात येतात तो महिना बुडवतात. वर्षाची यादी करा, बेरजेला १२ ने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याचं कार्ड खिशात ठेवू नका. हे खातं घरखर्चाला जोडलेलं राहिलं की तिसऱ्या महिन्यात रिकामं होतं.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर वरचं सगळं नंतर. महिन्याला ३ टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला ४२.६ टक्के होतं. 'किमान रक्कम' भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही, आणि थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिनाभराचा खर्च हाताशी ठेवून बाकीची शिल्लक आधी तिथे भरा. कोणतीही ठेव एवढं व्याज देत नाही.

प्रतिसाद ५

फ्रीज राहिला. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथली रबरी कड बसत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, बरेचदा चिकट थरच आड येतो. दबली असेल तर हेअर ड्रायरने हलकी गरम करून बोटांनी बाहेर ओढा आणि दार तासभर बंद ठेवा. आतलं तापमान ४ अंश, फ्रीझरचं उणे १८ पुरेसं आहे. बर्फाचा थर ५ मिलिमीटरच्या वर गेला की वितळवा, सुरीने खरवडू नका. आतली नळी फुटली तर दुरुस्ती वर्षभराच्या बचतीहून महाग पडते.