मदत हवी आहे: ग्रुपमधला एक हीलर कमी करायचा म्हणतायत, सपोर्टचं काम मोजायचं कसं?

विश्रामबाग_स्कॉलर

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री साडेनऊनंतर फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन गेम खेळतो. आठ जणांचा ग्रुप आहे, चौघं इथलेच सांगली-मिरजेचे कॉलेजपासूनचे मित्र, बाकी चौघं पुण्या-नागपूरकडचे, गेममध्येच ओळख झालेली. तीन वर्षं मी रेडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठा बॉस मारायच्या लढतीत, स्कॉलरच घेतोय, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारा हीलर, दुसरा क्लास कधी घेतलाच नाही.

अडचण अशी की सॅवेज या अवघड लेव्हलच्या एका बॉसवर महिनाभर अडकलोय. त्याचे दोन टक्के उरतात आणि वेळ संपून एनरेज लागतो, सगळे एकदम आडवे. आमच्यातला एकजण प्रत्येक ट्राय झाल्यावर पार्सरवरचे (कुणी किती मार दिला ते मोजणाऱ्या टूलवरचे) आकडे वाचून दाखवतो आणि त्यात दोन्ही हीलर खाली असणार हे उघडच आहे, पण ते रोज ऐकायला लागतं. मागच्या रविवारी तो म्हणाला, दोन हीलर कशाला, एकावर भागतंय, तू समुराई हा मारणारा क्लास घे नाहीतर हा बॉस पडेपर्यंत बाहेर थांब, आपण तुझ्या जागी डीपीएस, म्हणजे मारणारा, बघू. बाकीचे गप्प बसले. ते गप्प बसणं मला जास्त लागलं.

आता मी रोज दुसऱ्याचा जमाखर्च लिहितो, त्यामुळं आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं असं वाटतं, आणि इथं मला ते मांडताच येईना झालंय. बघा, स्कॉलरला मिनिटाला तीन एथरफ्लो (खर्चायचे पॉइंट) मिळतात, ते एनर्जी ड्रेनला घातले तर बॉसला मार बसतो आणि लस्ट्रेटला घातले तर माणूस वाचतो, म्हणजे कुणी नको तिथं उभा राहिला की माझा एक एथरफ्लो त्याच्यावर गेला, चूक त्याची आणि खर्च पडला माझ्या नावावर. चेन स्ट्रॅटेजम मी दर दोन मिनिटांनी बॉसवर टाकतो, त्यानं सगळ्यांचा क्रिटिकल (जादा जोराचा फटका) बसायचा चान्स १० टक्क्यांनी वाढतो, पण तो वाढीव मार दिसतो ज्यानं मारला त्याच्याच नावावर. सेक्रेड सॉइल टाकलं की १० टक्के मार कमी लागतो, एक्स्पीडियंटचंही तसंच, पण जो मार लागलाच नाही तो कुठल्याच रकान्यात येत नाही.

तर हे त्यांना दाखवायचं कसं? आणि ग्रुपचा खरंच फायदा होत असेल तर मी क्लास बदलायलाही तयार आहे, पण आधी मला ते पटायला पाहिजे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

तंबोरा_मिरज

भावा, साधा डीपीएसचा (सेकंदाला किती मार दिला त्याचा) रकाना बघूच नको. एफएफलॉग्स या लढतींच्या नोंदींच्या साइटवर आरडीपीएस नावाचा वेगळा आकडा असतो, त्यात दुसऱ्यानं ताकद वाढवल्यामुळं, म्हणजे बफमुळं, झालेला मार मारणाऱ्याच्या खात्यातून काढून बफ देणाऱ्याच्या खात्यात टाकतात. तुझं चेन स्ट्रॅटेजम तिथं तुझ्या नावावर दिसेल. फक्त एक लक्षात ठेवा, असली बाहेरची टूल्स वापरणं कंपनीच्या नियमात बसत नाही, त्यामुळं गेमच्या चॅटमध्ये कुणाचे आकडे काढत बसू नका, अकाउंटवर येतं.

दुसरं म्हणजे मरणं मोजा. एक माणूस उठवला की १०० सेकंद त्याची मुख्य ताकद २५ टक्के कमी, तेवढ्यात परत मेला तर ५० टक्के. शिवाय उठवणाऱ्याचे १०,००० पैकी २,४०० एमपी (जादूची शक्ती) गेले, आणि लगेच कास्ट होऊ देणारं स्विफ्टकास्ट हाताशी नसेल तर आठ सेकंद कास्ट करत उभं राहायचं. तुमचे ते दोन टक्के बहुतेक इथंच सांडतायत.

आमच्याकडं दर्ग्याच्या उरसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीला गाणं होतं, मी लहानपणापासून मागं बसून तंबोरा धरलाय. सूर लागलेला असतो तोवर कुणी वळून बघत नाही. एक तार उतरली की गाणारा लगेच मागं बघतो.

सातारची_प्रीस्ट

दादा, मी वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) खेळते, तिथं २०२३ मध्ये ऑगमेंटेशन इव्होकर नावाचा प्रकार आला, त्याचं कामच दुसऱ्याची ताकद वाढवायचं. सुरुवातीला साध्या मीटरवर तो सगळ्यांत खाली दिसायचा आणि लोक त्याला नावं ठेवायचे, मग लॉग्सवाल्यांना त्याचा वाटा त्याच्या नावावर टाकायची पद्धत बसवायला लागली. म्हणजे मोजमापच अपुरं होतं, खेळणारा कमी नव्हता.

पण एक गोष्ट सांगते, राग मानू नका. एका हीलरवर सॅवेज काढणारे ग्रुप आहेत, त्यामुळं तुमचा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. फरक एवढाच की त्या ग्रुपमध्ये टाळता येणारा मार कुणी खात नाही. तुमच्यात तसं आहे का, हे आधी बघा. आणि स्वतःचंही बघा. तुमच्याकडं अडीच सेकंदांचा जीसीडी (दोन मुख्य चालींमधला ठरलेला वेळ) असतो ना, त्यात ब्रॉइल हा मारायचा स्पेल सारखा चालू आहे का, की फटका यायची वाट बघत नुसतं उभं राहता? मी प्रीस्टवर दोन वर्षं हीच चूक केली.

ऊसतोड_टँक

लॉस्ट आर्क या गेममध्ये या, चौघांच्या पार्टीत एक सपोर्ट लागतो आणि बार्ड नाहीतर पॅलाडिन मिळेना म्हणून माणसं लॉबीत ताटकळत बसतात. तुमच्या गेममध्येसुद्धा रुलेटला (गेम आपोआप ग्रुप जमवतो तिथं) जो रोल कमी पडतो त्याला जादा बक्षीस देतातच की. मित्राला सांगा, एक रात्र एका हीलरवर पाच ट्राय करून बघू, मग काय ते ठरवू. तोंडानं भांडण्यापेक्षा ते बरं.

विश्रामबाग_स्कॉलर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत मागच्या १२ ट्रायचे लॉग्स काढून वहीत लिहिले. ताई, तुमचं खरं निघालं, शेवटच्या ट्रायमध्ये मी १४ वेळा जीसीडी रिकामा घालवलाय, म्हणजे ३५ सेकंद नुसता उभा. हे मी ग्रुपमध्ये स्वतःहून सांगितलं.

पण १२ पैकी ९ ट्रायमध्ये एकाच जागी, तिसऱ्या मोठ्या फटक्याला, कुणी ना कुणी मेलंय, आणि त्या नऊच्या नऊ वेळा माझं एक्स्पीडियंट आधीच्या फटक्याला वापरून झालेलं होतं. म्हणजे माणसं जास्त आहेत म्हणून नाही, आम्ही दोघा हीलरनी एकमेकांशी न बोलता वाटेल तिथं कूलडाउन (एकदा वापरले की थांबावं लागणारे बचाव) टाकले म्हणून अडलंय. मित्राला वही दाखवली, तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला शनिवारी आधी दोन हीलरवरच बघू. एका हीलरचे पाच ट्राय त्यानंतर, त्यालाही मी हो म्हणलंय.

आमचा दुसरा हीलर व्हाइट मेज आहे, तर तो क्लास खेळणारं कुणी असेल तर एवढं सांगा. तिसऱ्या फटक्याला माझं एक्स्पीडियंट आणि त्या हीलरचं टेम्परन्स (तेही मार कमी करणारं) दोन्ही एकदम टाकले तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे १९ टक्के मार कमी लागतो, पण मग चौथ्याला दोघांचे हात रिकामे. दोन्ही तिसऱ्यालाच टाकावेत की एक चौथ्यासाठी राखावा? शनिवारी रात्री दहाला बसतोय, त्याच्या आत कळलं तर फार बरं होईल.