थंड होणं ही अर्धीच गोष्ट

ज्वालामुखीच्या तोंडाशी घट्ट लाव्हाचा ढीग साचून घुमट होतो. त्या घुमटाखालचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, नुसता थंड होत जातो, त्यातली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) वाढते आणि म्हणून तो घट्ट होतो, असं बऱ्याचदा सांगतात. अर्धं पटलं. पण कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरचा सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी बघा. १९९५ च्या जुलैत तो जागा झाला, नोव्हेंबरात घुमट वर येऊ लागला. पुढे राजधानी प्लिमथ राखेखाली गेली.

तिथल्या करड्या अँडेसाइटमध्ये, म्हणजे गोठलेल्या लाव्हाच्या खडकात, काळपट गोळे असतात. काहींच्या कडा आतल्या भागापेक्षा बारीक कणांच्या. खालून आलेला गरम बेसाल्टी रस तुलनेने थंड मॅग्मात शिरला आणि कडेला चटकन गोठला, त्याची ही खूण. म्हणजे स्फटिकांनी भरून लापशीसारखा झालेला जुना मॅग्मा पुन्हा तापला. थंड होणं एकतर्फी नव्हतं!

दुसरं, घट्टपणाला थंडीच लागते असं नाही. वर चढताना दाब कमी होतो, मॅग्मात विरघळलेलं पाणी वाफ होऊन निसटतं, आणि तापमान फारसं न उतरताही बारीक स्फटिक वाढू लागतात. रस दाटतो, तोंडाशी ढीग होतो.

मला यात सगळ्यात आवडतो तो हॉर्नब्लेंड. या खनिजाला पाणी लागतं. मॅग्मा रेंगाळत चढला तर त्याच्या स्फटिकाची कड मोडून दुसरीच खनिजं होतात. झपाट्यानं आला तर कड स्वच्छ राहते. सूक्ष्मदर्शकाखाली ती कड मोजून मॅग्मा किती वेगानं वर आला याचा अंदाज बांधतात. घड्याळच म्हणा ना.