ॲपशीटचा कोणता प्लॅन घ्यावा? १६ जण, त्यांतले ९ फक्त उन्हाळ्यापुरते

पुण्यात आमचं आरओ फिल्टर दुरुस्तीचं काम आहे. तक्रारींची नोंद गुगल शीटमध्ये होते, तिच्यावर मी ॲपशीटमध्ये (कोड न लिहिता ॲप बनवायचं गुगलचं साधन) ॲप बनवलंय. फुकटात १० जणांपर्यंतच चाचणी करता येते. ती झाली, दुरुस्तीला जाणाऱ्या मुलांना ॲप आवडलं. सोसायटीच्या तळघरात रेंज नसतानाही फोटो आणि सही घेता येते, वर आल्यावर सिंक होतं. म्हणून ऑफलाइन सोडायचं नाही.

स्टार्टर प्लॅन महिन्याला माणशी ५ डॉलर, कोअर प्लॅन १०. म्हणजे १६ जणांचे ८० किंवा १६०. प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच तक्रारी दिसायला हव्यात. मी स्लाइस (यादीतल्या ठरावीक नोंदीच दाखवायची सोय) लावून पाहिलं, पण त्याने यादी फक्त स्क्रीनवर लपते. सगळ्या ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर तरी फोनमध्ये उतरतातच. लोकांच्या घरचे पत्ते आहेत हो, ते असे फिरू द्यायचे नाहीत. त्यासाठी सिक्युरिटी फिल्टर लागतो, म्हणजे दुसऱ्यांच्या नोंदी फोनमध्ये उतरतच नाहीत, आणि तो कोअरमध्ये आहे.

एकच जीमेल सगळ्यांत वापरा असं एकाने सुचवलं. ते नियमात बसत नाही, शिवाय काम कुणी केलं तेच कळणार नाही.

ऑफिसातल्या तिघांकडे गुगल वर्कस्पेस (कंपन्यांसाठीचं पैसे भरून घ्यायचं गुगल खातं) आहे, त्यात कोअर येतं. बाकी १३ जण साध्या जीमेलवर. मग या तिघांचं वर्कस्पेसमधलं कोअर चालवून फक्त १३ जणांचे परवाने वेगळे घेता येतात का? आणि जूननंतर त्यातले ९ कमी केले तर पुढच्या महिन्यापासून बिल उतरतं का? कुणी प्रत्यक्ष असं केलंय का?