कपड्याआड बाळगण्यासाठी सडपातळ पिस्तूल घ्यावे की थोडे मोठे?

सावधपथिक (प्रश्न)

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मला मिळाला आहे आणि आता कोणते पिस्तूल घ्यावे या निर्णयापाशी मी अडलो आहे. घ्यायचे एकच आहे, आणि ते दिवसाचा बराच वेळ कपड्याआड कमरेला राहणार आहे. काडतूस ९×१९ मिमी हे ठरलेले आहे. एका बाजूला ग्लॉक ४३ किंवा सिग सावर पी३६५ यांसारखी सडपातळ पिस्तुले आहेत, तर दुसऱ्या बाजूला ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचे आणि १५ गोळ्यांचे मॅगझिन असलेले पिस्तूल आहे.

रेंजवर मी दोन्ही प्रकार चालवून पाहिले. मोठ्या पिस्तुलाने माझ्या गोळ्या लहान वर्तुळात पडतात. सडपातळ पिस्तुलाने त्या पसरतात, आणि एकामागून एक भराभर झाडताना हा फरक फारच जाणवतो. मात्र मोठे पिस्तूल कमरेला उजवीकडे, किंचित मागच्या बाजूला लावून मी खाली वाकलो की शर्टावर त्याचा आकार स्पष्ट उमटतो. माझी शरीरयष्टी बारीक आहे, त्यामुळे ही अडचण अधिक असावी.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नेमातला हा फरक सरावाने भरून निघण्याजोगा आहे, की तो पिस्तुलाच्या घडणीतच आहे? आणि आकार उमटतो तो नेमका कशामुळे, जाडीमुळे की लांबीमुळे?

लक्ष्यवेध

मी नव्या नेमबाजांना पिस्तूल शिकवतो आणि हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो, म्हणून पहिल्या भागाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

फरक घडणीत आहे, पण बहुतेक लोक तो जिथे शोधतात तिथे नाही. सर्वसाधारण समज असा की आखूड पिस्तुलावर नेम धरायची पुढची माशी (उभा काटा) आणि मागची खाच यांच्यातले अंतर कमी असते, म्हणून नेम चुकतो. आता हिशेब पाहा. हे अंतर ग्लॉक ४३ मध्ये सुमारे १३२ मिमी आहे आणि ग्लॉक १९ मध्ये सुमारे १५३ मिमी. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी सरकली, तर १० मीटरवर पहिल्या पिस्तुलाची गोळी सुमारे ७६ मिमी आणि दुसऱ्याची सुमारे ६५ मिमी बाजूला जाईल. म्हणजे एवढी ढोबळ चूक केली तरी दोहोंत फरक पडतो तो जेमतेम एका सेंटीमीटरचा. तुमच्या गोळ्या ज्या प्रमाणात पसरत आहेत, त्याचे कारण हे असू शकत नाही.

खरे कारण वजनात आणि मुठीत आहे. भरलेले ग्लॉक ४३ सुमारे ६०० ग्रॅम, तर भरलेले ग्लॉक १९ सुमारे ८५० ग्रॅम भरते. काडतूस तेच असल्यामुळे पिस्तुलाला मागे मिळणारा संवेग जवळपास सारखाच राहतो. वस्तुमान कमी झाले की तोच संवेग अधिक वेग देतो आणि धक्क्याची ऊर्जा वाढते. आखूड नळीमुळे गोळीचा वेग किंचित घटतो हे धरूनही, हलक्या पिस्तुलाच्या धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने जास्त येते. शिवाय मूठ आखूड असेल तर करंगळीला जागा उरत नाही, आणि धक्क्याच्या वेळी पिस्तूल वर उसळू नये म्हणून खालून धरून ठेवणारी पकड नेमकी तिथेच सुटते. भराभर झाडताना फरक फारच जाणवतो, हे तुम्ही केलेले वर्णन याच कारणाकडे बोट दाखवते.

ट्रिगरचा विचारही इथेच करायला हवा. ट्रिगर दाबायला साधारण अडीच किलो वजनाइतका जोर लागतो असे धरा. सहाशे ग्रॅमच्या पिस्तुलावर हा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या चौपट होतो, त्यामुळे बोट थोडे जरी तिरके ओढले गेले तरी सारे पिस्तूल त्या बाजूला वळते. हा दोष मोठ्या पिस्तुलावरही असतोच, फक्त तिथे वजन आणि भक्कम मूठ तो झाकून घेतात. सडपातळ पिस्तूल चालवणाऱ्याची चूक लगेच उघडी पाडते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की ट्रिगरमुळे येणारा भाग सरावाने बऱ्याच अंशी भरून निघतो. पिस्तूल रिकामे आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, सुरक्षित दिशेला केलेला कोरडा सराव यासाठी उत्तम आहे. धक्क्यामुळे येणारा भाग मात्र सरावाने कमी होईल, नाहीसा होणार नाही.

कमरपट्टा

दुसऱ्या भागाबद्दल लिहितो, कारण मी अनेक वर्षे पिस्तूल कपड्याआड बाळगत आलो आहे आणि त्या काळात हा प्रश्न मी माझ्यापुरता नीट सोडवला आहे.

"सडपातळ" आणि "लहान" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लपवण्याच्या दृष्टीने पिस्तुलाची तीन मापे स्वतंत्रपणे तपासावी लागतात: जाडी, मुठीची उंची आणि स्लाइडची, म्हणजे नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाची, लांबी. या तिघांपैकी स्लाइडची लांबी सर्वांत कमी त्रास देते, कारण ती पट्ट्याच्या खाली, विजारीच्या आत राहते. उलट पोटाच्या बाजूला पिस्तूल बाळगणाऱ्यांना थोडी लांब स्लाइड उपयोगीच पडते, कारण पट्ट्याखालचा भाग शरीरावर टेकतो आणि वरची मूठ बाहेर कलण्याऐवजी आत दाबली जाते. जाडी पट्ट्यापाशी जाणवते. बसता-उठता टोचते ती जाडी. पण कापडावर आकार उमटतो तो बहुतेक वेळा मुठीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यामुळे. तुम्ही पिस्तूल कमरेच्या मागच्या बाजूला लावता आणि वाकता, तेव्हा पाठ पुढे झुकते आणि मुठीचा तोच कोपरा कापड उचलतो.

हे लक्षात घेतल्यावर मापे पाहा. ग्लॉक ४३ ची जाडी सुमारे २७ मिमी आणि उंची १०८ मिमी आहे. ग्लॉक १९ ची जाडी सुमारे ३४ मिमी आणि उंची १२८ मिमी. ग्लॉक २६ हे जुने आखूड पिस्तूल ग्लॉक १९ इतकेच जाड आहे, पण उंची केवळ १०६ मिमी, आणि ते जाड असूनही शर्टाखाली चांगले लपते याचे कारण हेच. २०१९ साली आलेल्या ग्लॉक ४३एक्स मध्ये उलट गोष्ट केली आहे: जाडी ४३ चीच, पण मूठ ग्लॉक १९ इतकी उंच, आणि मॅगझिनमध्ये १० गोळ्या. लक्ष्यवेध यांनी करंगळीच्या पकडीबद्दल जे लिहिले आहे त्याचे उत्तर या पिस्तुलात मिळते, पण ते लपवायला ग्लॉक ४३ इतके सोपे असेल अशी अपेक्षा ठेवू नका. विकत घेताना ते बारीक दिसते म्हणून अनेकांची अशी समजूत होते.

पिस्तूल बदलण्याआधी होल्स्टर (पिस्तूल ठेवायचे म्यान) आणि पट्टा बदलून पाहा, असा माझा आग्रह आहे. साध्या मऊ पट्ट्यावर कोणतेही पिस्तूल बाहेर कलते. ताठ पट्टा आणि विजारीच्या आत बसणारे, पट्ट्यावर टेकून मुठीला शरीराकडे वळवणारा पंख असलेले होल्स्टर घेतले, तर तुमच्यासारख्या बारीक अंगाच्या माणसालाही मध्यम आकाराचे पिस्तूल पुष्कळदा लपवता येते. लावण्याची जागा थोडी पुढे, कमरेच्या हाडाच्या अलीकडे आणून पाहा. वाकताना पाठीचे कापड ताणले जाते, पोटाचे सैल पडते.

मृण्मयी

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण त्यांत एक गृहीत आहे की पिस्तूल हाताळणाऱ्याच्या हातात पुरेसा जोर आहे. ज्यांचा पंजा लहान आहे, किंवा वयामुळे वा सांधेदुखीमुळे पकड कमी झाली आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी.

लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी असते आणि तिला मागे सरकायला जागा कमी असते. तेवढ्याच धक्क्याला आवरण्यासाठी तिची स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. त्यामुळे पिस्तूल जितके लहान, तितकी स्लाइड ओढायला जड, असा उलटा अनुभव येतो. मोठ्या पिस्तुलाची स्लाइड मी सहज ओढते, तर त्याच काडतुसाच्या लहान पिस्तुलावर मला पूर्ण जोर लावावा लागतो. स्मिथ अँड वेसनने २०१८ साली .३८० या कमी जोराच्या काडतुसासाठी शील्ड ईझेड हे पिस्तूल काढले, ते याच अडचणीसाठी: स्लाइड हलकी चालावी म्हणून. आणखी एक गोष्ट म्हणजे हलके पिस्तूल ढिल्या मनगटाने झाडले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामे कवच अडकण्याचा संभव वाढतो. तेव्हा दुकानात केवळ मुठीत धरून पाहू नका. परवानगी घेऊन रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड अनेकदा ओढून पाहा, शक्यतो रेंजवर थकल्यानंतर.

दूरदर्शी

मी मोठ्या पिस्तुलाच्या बाजूने लिहीत आहे, कारण इथे चर्चेचा तोल हळूहळू लपवण्याकडेच झुकत चालला आहे.

पिस्तूल बाळगण्याचा हेतू ते लपवणे हा नाही. अत्यंत वाईट प्रसंगी, घाबरलेल्या अवस्थेत, थरथरत्या हाताने योग्य ठिकाणी गोळी बसवता येणे हा हेतू आहे, आणि ज्या पिस्तुलाने शांत रेंजवरही गोळ्या पसरतात त्याने त्या प्रसंगी त्या अधिकच पसरतील. चुकलेली गोळी कुठेतरी जातेच, आणि तिची जबाबदारी झाडणाऱ्याचीच असते. लक्ष्याच्या मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाचा विचार या निवडीत सर्वांत आधी यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

नळीच्या लांबीबद्दल मात्र मी मोठ्या पिस्तुलाची बाजू ताणणार नाही. ९ मिमी काडतुसात नळी एका इंचाने कमी झाली तर वेग साधारण ८ ते १५ मीटर प्रतिसेकंद घटतो. अंगात शिरल्यावर टोक फुलणाऱ्या गोळीला फुलण्यासाठी ठराविक वेग लागतो, म्हणून आखूड नळीसाठी खास तयार केलेले काडतूस, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, निवडावे. १९८६ साली मायामीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्यांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. तिच्यात एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिमी गोळी हृदयाआधीच थांबली, आणि त्यानंतर दोन अधिकाऱ्यांचा जीव गेला. तेव्हापासून एफबीआय चाचणीत मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटीमीटर शिरकाव हा निकष वापरते. आजची चांगली ९ मिमी काडतुसे आखूड नळीतूनही तो पूर्ण करू शकतात. त्यामुळे सडपातळ पिस्तुलाला नाकारायचे असेल तर ते या कारणासाठी नाकारू नये. ते नीट चालवता येत नसेल तर नाकारावे.

सावधपथिक

सर्वांचे आभार. मी मुठीची उंची आणि जाडी यांचा एकत्रच विचार करत होतो, ते वेगळे केल्यावर चित्र स्पष्ट झाले. आधी ताठ पट्टा आणि योग्य होल्स्टर घेऊन, ओळखीच्या नेमबाजाकडील रबरी नमुना-पिस्तूल ग्लॉक १९ च्या मापाचे आहे ते काही काळ कमरेला लावून पाहतो. ते लपले नाही तर उंच मुठीचे सडपातळ पिस्तूल रेंजवर तपासतो. ग्लॉक ४३ सारख्या आखूड मुठीच्या पिस्तुलाचा विचार मी सध्या बाजूला ठेवला आहे. रेंजवर तुलना करताना काय मोजावे, हे लक्ष्यवेध यांनी कृपया सांगावे.

लक्ष्यवेध

तुमचा क्रम योग्य आहे. तुलना करताना निवांत, एक-एक गोळी झाडून त्यांच्या खुणा किती जवळ पडतात ते पाहू नका, कारण त्यात दोन्ही पिस्तुले सारखीच चांगली दिसतात. ७ मीटरवर हाताच्या पंजाएवढे वर्तुळ लावा, आणि प्रत्येक पिस्तुलाने पाच-पाच गोळ्या, ज्या वेगाने त्या सर्व वर्तुळातच राहतील त्या वेगाने झाडा. रेंजवरील सहकाऱ्याला वेळ मोजायला सांगा. दोन पिस्तुलांमधला वेळेचा फरक हा तुमच्यासाठी त्या सडपातळपणाचा खरा मोबदला आहे, आणि तो द्यावा की नाही हे तुम्हीच ठरवायचे. हीच चाचणी केवळ उजव्या हाताने आणि केवळ डाव्या हाताने करून पाहा, कारण हलक्या पिस्तुलाची खरी परीक्षा तिथे होते.

पिस्तूल घेतल्यावर ज्या काडतुसाने ते बाळगणार आहात त्याच काडतुसाने ते पुरेसे झाडून बघा, आणि अडथळा आला तर कारण सापडेपर्यंत ते कमरेला लावू नका. लहान पिस्तुलाची स्प्रिंग लवकर थकते, तेव्हा ती बदलण्याची मुदत निर्मात्याच्या पुस्तिकेतून पाहून ठेवा.

होल्स्टर असे असावे की ट्रिगरचा भाग पूर्ण झाकला जाईल आणि कापड किंवा दोरी आत शिरणार नाही. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना शर्ट पूर्ण उचला, बोट ट्रिगरबाहेर, पिस्तुलाच्या चौकटीवर सरळ ठेवा, डोळ्यांनी पाहा आणि सावकाश घाला. अपघाताने गोळी सुटण्याचा मोठा धोका याच क्षणी असतो आणि इथे घाई करण्याचे कारण कधीच नसते. घरी आल्यावर ते कमरेवरून काढाल तेव्हा ते थेट कुलूपबंद पेटीत जाईल, मुले घरात असोत वा नसोत, अशी व्यवस्था पिस्तूल घरी येण्याच्या आधी करून ठेवा.