मदत हवी आहे: खुडूक कोंबडीच्या पायांच्या खरजेवर उपचार कसा करावा?

नमस्कार. सोलापुरात आमच्या घरामागे मोजक्या गावरान कोंबड्या आहेत. त्यांतील वयस्क कोंबड्यांच्या पायांवरचे खवले उचलले गेले असून त्यांखाली पांढरट, भुकटीसारखा थर साचला आहे. कोंबड्याची बोटे तर इतकी जाड झाली आहेत की त्याला दांडीवर चढणे अवघड जाते. हा नेमिडोकॉप्टिस म्युटन्स या किड्याचा प्रादुर्भाव असल्याचे पशुवैद्यकांनी सांगितले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा किडा खवल्यांखालची कातडी पोखरून तिथेच वाढतो आणि सहवासाने एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून ज्यांचे पाय स्वच्छ दिसतात, त्यांच्यावरही उपचार चालू आहेत.

पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने सुटलेली खपली तेवढी काढून, कोरडे केल्यावर त्यांवर पेट्रोलियम जेली किंवा करडईचे तेल लावतो, जेणेकरून किडे गुदमरून मरावेत. घट्ट खवले ओढल्यास रक्त येते, त्यामुळे त्यांना हात लावत नाही. रॉकेल लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला. परंतु त्याने कातडी भाजते, म्हणून तो उपाय कृपया सुचवू नये.

खरी अडचण एका खुडूक कोंबडीची आहे. ती नुकतीच अंड्यांवर बसली असून तिचे पायही खराब झाले आहेत. पायांचे तेल अंड्यांना लागले, तर कवचाची छिद्रे बुजून आतला जीव गुदमरण्याची भीती वाटते. आणि उपचार एकवीस दिवस पुढे ढकलावा, तर तिला तोवर त्रास सोसावा लागेल आणि पिल्ले बाहेर येताच थेट त्याच पायांशी वावरतील. तिची माया पाहता तिला अंड्यांवरून उठवणे मला जिवावर येते.

आपणांपैकी कोणी अशा कोंबडीवर उपचार केला आहे का? तेल टाळून केवळ पाय धुणे पुरेसे ठरेल, की अंडी निरोगी खुडूक कोंबडीखाली हलवावीत? आयव्हरमेक्टिन हे असे किडे मारणारे औषध वापरल्यास मात्रा पशुवैद्यकांकडूनच घेईन. मात्र ते दिल्यानंतर इतर कोंबड्यांची अंडी आपण किती दिवस खाण्यातून वगळली, आणि खुराड्यातली बाभळीची दांडी उकळत्या पाण्याने धुऊन भागले की बदलावी लागली, हेही कृपया सविस्तर लिहावे.