मदत हवी आहे: पासवर्ड मॅनेजरचं डेब पॅकेज, टेस्ट फक्त एसबिल्डमध्येच फेल होतायत

मंडळी नमस्कार, फोंड्याहून लिहितोय. डेबियन लिनक्ससाठी पॅकेजिंग (म्हणजे प्रोग्रामची इन्स्टॉल करता येईल अशी डेब फाइल बनवणं) कुणी केलं असेल तर प्लीज बघा, तीन रात्री झाल्या, एकाच जागी अडकलोय.

मित्राने कमांड लाइनवरचा छोटा पासवर्ड मॅनेजर लिहिलाय, 'पास' या टूलच्या धर्तीवर, सगळं बॅश स्क्रिप्टमध्ये, प्रत्येक पासवर्डची जीपीजी या एन्क्रिप्शन टूलने एन्क्रिप्ट केलेली एक फाइल आणि मागे बदलांची हिस्ट्री ठेवायला गिट. आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात चार डेबियन मशीन आहेत, तिथले पासवर्ड आजवर वहीत असायचे, गेल्या पावसात छप्पर गळलं आणि वही भिजून अर्धी शाई गेली. तेव्हापासून मनात आहे की हे नीट पॅकेज करून चारही मशीनवर एप्टने (डेबियनचा इन्स्टॉलर) टाकायचं, चवथीच्या आधी.

पॅकेज बनतं. कंपाइल करायचं काहीच नाही म्हणून आर्किटेक्चर ऑल (कुठल्याही प्रोसेसरवर चालणारं), पॅकेज तपासणाऱ्या लिंटियनची पण तक्रार नाही. माझ्या लॅपटॉपवर सरळ बिल्ड केलं की सगळ्या टेस्ट पास, पण एसबिल्ड हे टूल ज्या कोऱ्या, वेगळ्या सिस्टिममध्ये (सीएचरूट) बिल्ड करतं तिथे पहिल्याच टेस्टला, जिथे तात्पुरती किल्ली बनते तिथे, जीपीजी म्हणतं एजंटशी (किल्ल्या सांभाळणारा त्याचा मागे चालणारा प्रोग्राम) कनेक्ट होता येत नाही. बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजची यादी) जीएनयूपीजी, म्हणजे जीपीजीचं पॅकेज, आणि गिट दोन्ही आहेत. पासफ्रेज रिकामा आहे त्यामुळे पासफ्रेज विचारणाऱ्या पिनएंट्रीचा प्रश्न नाही. टेस्टचं जीएनयूपीजीहोम (जीपीजीचं किल्ल्या ठेवायचं फोल्डर) बिल्ड फोल्डरच्या आत, बरंच खोल बनतं.

एकाने सांगितलं टेस्टच बंद कर, पॅकेज तर होतंय ना. मला ते नको. उद्या जीपीजीचं व्हर्जन बदललं आणि फाइल डिक्रिप्टच झाली नाही तर लोकांचे पासवर्ड गेले, ते आधी टेस्टला कळायला पाहिजे.

अजून एक, गिट डिपेंड्समध्ये (असायलाच हवं) की रेकमेंड्समध्ये (असलेलं बरं)? गिटशिवाय टूल चालतं, फक्त हिस्ट्री आणि सिंक मिळत नाही.

प्रतिसाद: त्या जीएनयूपीजीहोमचा पूर्ण पाथ मोजून बघ रे. एजंट युनिक्स सॉकेट (प्रोग्रामना आपसात बोलायची एक खास फाइल) उघडतो आणि लिनक्सवर त्या सॉकेटच्या पाथला १०८ बाइटची मर्यादा आहे. तुझ्या लॅपटॉपवर लॉगिन असल्यामुळे सॉकेट रन-यूजरच्या फोल्डरखाली जातं, तो पाथ आखूड, म्हणून तुला कधी कळलंच नाही. सीएचरूटमध्ये ते फोल्डर नसतं, मग सॉकेट होमच्याच आत बनतं. टेस्टमध्ये एमकेटेम्प कमांड वापरून थेट टेम्पखाली आखूड पाथचं तात्पुरतं फोल्डर कर, आणि शेवटी जीपीजीकॉन्फ कमांडने एजंट बंद करून मगच ते पुस, नाहीतर एजंट मागे चालू राहील. गिट रेकमेंड्समध्येच ठेव, एप्ट ते तसंही आपणहून टाकतं, ज्याला नको तो काढेल.

मी: मोजलं, १३१ भरलं! तेवढी एक ओळ बदलली आणि एसबिल्डमध्ये सगळ्या टेस्ट पास झाल्या, खूप खूप आभार. हा बदल पॅच करून पॅकेजच्या डेबियन फोल्डरमध्ये ठेवणार होतो, पण मित्राच्या मूळ कोडमध्येच गेलेलं बरं, दुसऱ्या कुणी फेडोरा लिनक्ससाठी पॅकेज केलं तर त्याच्या रात्री वाचतील. आजच पाठवतो त्याला.