कॅबचे भाडे आणि फाटकावरील बंदीचा प्रस्ताव

सचिव (ए-१०२): सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. अ‍ॅपवरून बोलावलेल्या कॅबचे चालक फाटकापाशी आल्यावर अ‍ॅपवर दिसणारे भाडे नाकारतात आणि सरकारी दराने पैसे मागतात, अशा तक्रारी कमिटीकडे आल्या आहेत. अशा गाड्यांचे क्रमांक नोंदवून त्यांना आवारात प्रवेश बंद करावा, असा प्रस्ताव रविवारच्या बैठकीपुढे आहे. आपली मते कृपया येथे मांडावीत.

सी-५०४: सचिव महोदय, या प्रस्तावाला माझा विरोध आहे. चालक ज्याला सरकारी दर म्हणतात, तो त्यांनी मनाने काढलेला आकडा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील पुणे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू केला. या हिशेबाने १५ किलोमीटरचे भाडे सुमारे ३७५ रुपये होते. त्याच अंतराला अ‍ॅप बरेच कमी भाडे दाखवते, तेव्हा तो फरक चालकाच्या कमाईतून जातो. सीएनजी, गाडीचा हप्ता, विमा, परमिट, फिटनेस हे सगळे खर्च त्याने एकट्याने सोसायचे आणि भाडे मात्र ज्याचा गाडीच्या खर्चाशी संबंध नाही अशा कंपनीने ठरवायचे, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. प्राधिकरणाने ठरवलेला दर मागणाऱ्या माणसाला आपण फाटकावर अडवणार असू, तर आपण नेमकी कोणाची बाजू घेत आहोत याचा विचार व्हावा.

बी-३०१: आपले म्हणणे मी लक्षपूर्वक वाचले, परंतु प्रवाशाची बाजूही पाहा. मी एकटी राहते. रात्री रुग्णालयातून परत येताना गाडीत बसल्यावर चालक वेगळाच आकडा सांगतो, तेव्हा मी वाद घालू शकत नाही आणि उतरूही शकत नाही. मला अ‍ॅपने एक रक्कम दाखवली, ती मी मान्य केली, मग माझ्या दृष्टीने व्यवहार तिथेच ठरला. प्राधिकरण आणि कंपनी यांच्यातला वाद माझ्यासारखीने रात्री अकरा वाजता रस्त्यावर का सोडवावा?

सी-५०४: काकू, तो वाद आपण सोडवावा असे मी म्हणणार नाही. तो सोडवणे शासनाचे काम आहे, आणि ते अपुरे राहिल्यामुळेच त्याचा भार आपल्यावर आणि चालकावर पडतो.

डी-२०२: यातील कायद्याची बाजू थोडी सांगतो, कारण विलंब कुठे झाला हे त्यातून कळते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ९३ नुसार अ‍ॅपवरून कॅब पुरवणाऱ्या कंपन्यांना राज्याचा परवाना बंधनकारक झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही मुंबई उच्च न्यायालयाला मार्च २०२२ मध्ये या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्याचा आदेश द्यावा लागला, कारण राज्याचे स्वतःचे नियम तोपर्यंत झालेले नव्हते. त्यानंतर मे २०२५ मध्ये राज्याचे धोरण आले. प्राधिकरणाचा दर हा मूळ दर मानावा, मागणी वाढली तरी भाडे त्याच्या दीडपटीपुढे जाऊ नये, सवलत दिली तरी ते मूळ दरापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी होऊ नये आणि भाड्याच्या किमान ८० टक्के रक्कम चालकाला मिळावी, असे त्यात आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातले भाडे कमीत कमी २८१ रुपये आणि जास्तीत जास्त ५६२ रुपये होईल. धोरणातली ही चौकट अ‍ॅपच्या पडद्यावर आली, तर बी-३०१ मधील ताईंना गाडीत बसल्यावर दुसरा आकडा ऐकावा लागणार नाही.

सी-५०४: अगदी बरोबर. मात्र केवळ दर पाळले गेले म्हणजे चालकाचे प्रश्न संपले, असे मी मानत नाही. एका दिवसात बारा तासांहून अधिक लॉग-इन नको, पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा कंपनीने द्यावा, असे केंद्राच्या २०२० च्या तत्त्वांतच लिहिले होते. परंतु भाडेच इतके तुटपुंजे असेल की बारा तासांत हप्ता निघत नाही, तर चालक दुसऱ्या अ‍ॅपवर लॉग-इन करणार, आणि अशी पेंगुळलेल्या डोळ्यांनी चालवलेली गाडी आपल्याच मुलांना विमानतळावरून घरी आणणार. त्यामुळे चालकाचे कामाचे तास आणि आपली सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत. दुसरी गोष्ट आयडी ब्लॉक होण्याची, म्हणजे कंपनीने चालकाचे अ‍ॅपवरील खाते बंद करण्याची. एखाद्या प्रवाशाने रागाच्या भरात तक्रार केली, की चालकाचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याचे काम थांबू शकते. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी चौदा दिवसांची सकारण नोटीस देणे आवश्यक केले आहे आणि चालकांच्या कल्याणनिधीसाठी प्रत्येक व्यवहारातून शुल्क घेण्याची तरतूदही केली आहे. महाराष्ट्रानेही असे संरक्षण कायद्यानेच द्यायला हवे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार कंपन्यांनी अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यायचे आहे; ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, तेव्हा तो पैसा चालकाच्या कुटुंबापर्यंत पोहोचतो की नाही, हे विचारणे हा आपला नागरिक म्हणून अधिकार आहे.

बी-३०१: तासांचा मुद्दा मला पटला. बंदीचा आग्रह मी सोडते. त्याऐवजी आपण शासनाला पत्र लिहावे. परंतु प्रवाशाला भाडे गाडीत बसण्याआधीच कळले पाहिजे आणि रात्रीच्या वेळी कोणालाही वाटेत उतरवले जाऊ नये, या दोन गोष्टी आपल्या पत्रात स्पष्ट शब्दांत असाव्यात.

डी-२०२: दोन्ही घालू. मसुदा मी तयार करतो. तो परिवहन आयुक्तांना आणि पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाला उद्देशून असेल. धोरणातल्या कमाल आणि किमान भाड्याची अंमलबजावणी अ‍ॅपवर व्हावी, ही त्यातली पहिली मागणी राहील, आणि विमा व नोटिशीविषयीच्या मागण्या त्यानंतर येतील.

सचिव (ए-१०२): ठीक आहे. प्रवेशबंदीचा प्रस्ताव मी विषयपत्रिकेतून मागे घेत आहे आणि त्याजागी या पत्राचा विषय ठेवत आहे. ज्या सभासदांकडे अ‍ॅपने दाखवलेले भाडे आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांची नोंद आहे, त्यांनी तारीख व अंतर लिहून ती शुक्रवारपर्यंत डी-२०२ कडे द्यावी. चालकाचे नाव किंवा गाडीचा क्रमांक त्यात नसावा.